भित्तिपत्रकातला परदेशी माणूस

वाशिम जिल्ह्यात विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र छापखान्यातून क्वचितच येते. बहुतेक ठिकाणी ते भित्तिपत्रक असते: दोन कार्डशीट शेजारी शेजारी जोडून, मथळे स्केचपेनने रंगवून, कात्रणे चिकटवून ग्रंथालयाबाहेरच्या काचेच्या फलकात लावलेले. त्याच्या जोडीला वर्षाअखेरीचा वार्षिकांक, एखाद्या वर्गाचे हस्तलिखित, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात निघणारे वार्तापत्र आणि अलीकडे मोबाइलवरून फिरणारी पीडीएफ. रिसोडचे असो की कारंज्याचे, मानोऱ्याचे असो की मालेगावचे, या सगळ्यांत परदेशी माणूस हटकून भेटतो. सुविचाराच्या चौकटीत आइन्स्टाइन, यशाच्या पानावर बिल गेट्स, शेतीच्या पानावर इस्रायलचा शेतकरी, शिस्तीच्या लेखात जपानी मुले, सीमेवरच्या बातमीत चिनी सैनिक, खेळाच्या कोपऱ्यात पाकिस्तानी गोलंदाज. आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात 'पाश्चात्त्य संस्कृती' नावाचे बिनचेहऱ्याचे प्रकरण.

बसस्थानकासमोर खड्डा पडल्याची बातमी चुकीची निघाली, तर वाचणारा दुसऱ्याच दिवशी संपादकाला धारेवर धरतो. 'आफ्रिकेतले लोक असे असतात' या वाक्याची तशी झडती कोणी घेत नाही, कारण ती घ्यायला समोर आफ्रिकेतला माणूसच नसतो. पोहरादेवीला तेलंगणा-कर्नाटकातून बंजारा भाविक येतात, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला गुजरात-राजस्थानातून जैन यात्रेकरू येतात, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दत्तभक्तांची रीघ असते. पण दुसऱ्या देशाच्या माणसाशी समोरासमोर बसून बोलला आहे, असा विद्यार्थी वर्गात विरळाच. त्यामुळे फलकात लावलेले चित्र हेच त्याच्यापुरते मूळ चित्र ठरते.

अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. माणूस प्रत्यक्ष जगापेक्षा डोक्यातल्या जगाच्या चित्रानुसार वागतो, असे त्यांचे म्हणणे. अशा ठरीव चित्रासाठी त्यांनी जो शब्द रूढ केला, 'स्टिरिओटाइप', तो मुळात छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन धातूची पाटी ओतत आणि तिच्यावरून तोच मजकूर हवा तितक्या वेळा छापत. मराठीतला 'साचेबंद' हा शब्द त्याच जातीचा. विद्यार्थी संपादकाचा मुख्य प्रश्न हाच असतो: साचा हाताशी तयार असताना तो बाजूला ठेवून माणूस कसा दाखवायचा.

हे काम केवळ लेखनाच्या शुद्धतेचे नाही. आज फलकासमोर उभा असलेला वाचक दोन वर्षांनी पुण्याला शिकायला जातो आणि तिथे आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून आलेले विद्यार्थी त्याच्या गल्लीत, त्याच्या खानावळीत असतात. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला, नायजेरियन विद्यार्थी नरभक्षक असल्याची अफवा उठली आणि जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले केले. इतकी अचाट अफवा एका दिवसात खरी वाटते, याचा अर्थ तिला बसायला जागा आधीच तयार होती. लहानपणीच्या गोष्टींतला कढईभोवती नाचणारा रानटी माणूस, विनोदी चित्रांतले जाड ओठ, स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात तोंडाला काळे फासून आलेले पात्र. ही जागा अशाच मालातून तयार होते आणि त्यातला बराच माल शाळेच्या आवारातला असतो.

कौतुकाचा साचा

साचा म्हटला की निंदा आठवते. वऱ्हाडातल्या वार्षिकांकांत मात्र कौतुकाचा साचा जास्त दिसतो, आणि कौतुक असल्यामुळे त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

'इस्रायलची शेती' हा लेख त्याचा नमुना. वाळवंटात नंदनवन, थेंबाथेंबाचा हिशेब, कष्टाळू माणसे. आणि शेवटी 'आपला शेतकरी मात्र' असे सुरू होणारे वाक्य. यातली माहिती बहुधा खोटी नसते. ठिबक सिंचनाचा व्यापारी प्रसार हात्झेरिम या किबुत्झमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या नेटाफिम कंपनीने केला, हे खरेच आहे. पण लेखातून किबुत्झ म्हणजे काय, हेच गळते. ती सामूहिक मालकीची वसाहत असते. १९५९ च्या कायद्याने इस्रायलमधले सगळे पाणी सार्वजनिक मालकीचे केले, हेही गळते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीला पुरवणारी सरकारी यंत्रणा गळते. एवढे सगळे गळाल्यावर उरतो तो एक 'कष्टाळू' स्वभाव, आणि त्याच्याशेजारी आळशी ठरलेला मंगरुळपीरचा कास्तकार, ज्याच्या वावरात पाणी पोचवण्याचा प्रश्न स्वभावाचा कधीच नव्हता. परक्याच्या कौतुकाआडून आपल्याच बापाला शिवी दिली जाते आणि ती लिहिणाऱ्या मुलाला कळतही नाही.

असा लेख नाकारण्याची गरज नाही. तो पुरा करून घ्यावा. स्वभावाचे विशेषण आले की संपादकाने खाली रेघ मारावी आणि लेखकाला विचारावे: हे कोणत्या कायद्यामुळे, कोणत्या पैशामुळे, कोणत्या यंत्रणेमुळे झाले? उत्तर सापडले की विशेषण आपोआप निरुपयोगी होते.

त्याच लेखात एक चौकट घालण्यासारखी आहे. इस्रायलमध्ये मराठी बोलणारी घरे आहेत. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून काढले. मॉरिशसमध्येही एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत. 'इस्रायली माणूस' आणि 'मराठी माणूस' ही दोन वेगळी चित्रे मनात बाळगणाऱ्या वाचकाला एकच माणूस दोन्ही असू शकतो हे समजले, की साच्याला पहिली चीर जाते. दहा उपदेशांनी जे होत नाही ते अशा एका चौकटीने होते.

'पाश्चात्त्य संस्कृती'च्या लेखांचे दुखणे उलट दिशेचे, पण तेच. 'अमेरिकेत आईवडिलांना वृद्धाश्रमात टाकतात', 'तिकडे कुटुंबव्यवस्था उरलेली नाही' अशी वाक्ये एका अंकातून दुसऱ्या अंकात उतरवली जातात. अमेरिका, फ्रान्स, पोलंड, पोर्तुगाल या सगळ्यांचा मिळून एकच 'पश्चिम' होतो. मराठीत याहून फार चांगला वस्तुपाठ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, स्त्रियांची स्थिती अशा एकेका विषयाला हात घालत त्या जातात. देश आवडला म्हणून तिथला वंशभेद त्यांनी झाकला नाही. विद्यार्थ्याने 'अमेरिकेत लोक' असे वाक्य सुरू केले, की त्याला हा प्रश्न विचारावा: कोणत्या राज्यातले, कोणत्या वर्षी, कोणी मोजले? तीनपैकी एकाचेही उत्तर नसेल तर वाक्य काढावे.

विद्यार्थ्यांनी दूरच्या जगाबद्दल जबाबदारीने लिहिण्याची परंपराही मराठीत जुनी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या मंडळाने १८४८ मध्ये सभा स्थापन केली आणि तिच्या मराठी शाखेतून १८५० साली 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघाले. भित्तिपत्रकाची वंशावळ शोधायची तर ती तिथवर नेता येते.

सोयाबीनचा मथळा

वाशिम जिल्ह्यात परदेशाचा सर्वांत थेट संबंध येतो तो बाजार समितीत. सोयाबीनचा भाव पडला की भित्तिपत्रकावर मथळा येतो: 'परदेशी तेलाने सोयाबीन बुडवले'. हा मथळा जरा उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण तो खोटा नाही आणि तरीही दिशाभूल करतो.

सोयाबीनचा भाव तेल आणि ढेप या दोन्हींवर ठरतो. भारत सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून आणतो. हे तेल किती स्वस्त पडणार, ते आयात शुल्कावर अवलंबून असते, आणि शुल्क केंद्र सरकार ठरवते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. अधिभार धरून ते २७.५ टक्के पडत होते. मे २०२५ च्या अखेरीस मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले, म्हणजे एकूण १६.५ टक्के. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर झाला. या साऱ्या निर्णयांत ब्राझीलच्या शेतकऱ्याचा हात कुठेच नाही. 'परदेशी तेलाने बुडवले' या वाक्यात कर्ता बदलला आहे. निर्णय घेणारा पडद्याआड गेला आणि समुद्रापलीकडचा एक अनोळखी माणूस पुढे उभा राहिला.

मथळ्यात कर्ता कोण आहे, हे तपासण्याची सवय विद्यार्थी संपादकांना लावावी. वर्गात हा खेळ म्हणूनही घेता येतो: फळ्यावर मथळा लिहायचा, क्रियापद अधोरेखित करायचे आणि 'हे नेमके कोणी केले?' असे विचारत राहायचे. 'आयात शुल्क घटले. सोयाबीनच्या भावावर दबाव' हा मथळा रंगतदार कमी असेल, पण तो वाचणारा बाजार समितीत गेल्यावर योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारील.

यापुढची पायरी म्हणजे त्या अनोळखी माणसाचा शोध. ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात हजारो हेक्टरांची सोयाबीनची शेते आहेत. दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात मात्र घरच्या माणसांवर चालणारी लहान शेतेही पुष्कळ आहेत. तिथे लागोपाठ दुष्काळ पडले आणि मे २०२४ मध्ये महापूर आला. दुष्काळ, पूर आणि पडलेला भाव ही भाषा मालेगावच्या विद्यार्थ्याला शिकवावी लागत नाही. 'ब्राझीलचा कास्तकार' असा लेख त्याने लिहिला तर वाचकापुढे शत्रू येत नाही आणि देवही येत नाही. येतो तो एक शेजारी, ज्याचे वावर फार लांब आहे.

कारंज्याच्या विद्यार्थ्यांच्या हाताशी असाच आणखी एक विषय आहे: मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज 'शकुंतला'. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने उभी केलेली ही गाडी 'अजूनही इंग्रजांच्या मालकीची' असल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आली. असा मजकूर जुन्या कात्रणावरून उतरवू नये. कंपनी म्हणजे कोण, तिचे भागधारक आज कोण, करार कोणी कोणाशी केला, तो कधी वाढवला, हे चार प्रश्न आधी लिहून काढावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत स्थानकाचे, रुळांचे, गाडीवर ज्यांचे पोट होते त्या माणसांचे लिहावे. तो मजकूर आपला आणि खात्रीचा असतो.

शब्दांची निवड

'परदेशी' हा शब्दच पाहण्यासारखा आहे. उत्तर हिंदुस्थानातून पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांनाही तो लावला गेला आणि आज ते सर्रास आढळणारे आडनाव आहे. ज्या वर्गात 'परदेशी' आडनावाचा विद्यार्थी पहिल्या बाकावर बसतो, तिथे परका कोण आणि तो किती दिवस परका राहतो, या प्रश्नाची सुरुवात हजेरीपटापासूनच करता येते.

'हबशी' हा शब्द हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हबशी होता. त्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. इतिहासाच्या लेखात हा शब्द त्या संदर्भात येऊ शकतो. आजच्या माणसासाठी मात्र तो शिवी झाला आहे. तिथे त्याच्या देशाचे नाव लिहावे. 'आफ्रिकन' म्हणूनही थांबू नये, कारण त्या खंडात पन्नासहून अधिक देश आहेत. केनियाच्या धावपटूला 'आफ्रिकन धावपटू' म्हणणारा विद्यार्थी वाशिमच्या खेळाडूला 'आशियाई खेळाडू' म्हटलेले चालवून घेणार नाही.

'चिनी' आणि 'चिंकी' हे शब्द आणखी वेगळी इजा करतात, कारण त्यांचा मारा आपल्याच देशाच्या माणसांवर होतो. अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी निडो तानिया याची दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमली. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या महिन्यांतही ईशान्येकडच्या लोकांना 'करोना' म्हणून हिणवले गेले. विषाणूला देशाचे नाव जोडणारा मथळा भित्तिपत्रकात लावताना तो कोणाच्या पाठीवर जाऊन बसेल, हा विचार आधी व्हायला हवा.

'बांगलादेशी' या शब्दाबाबत तर एकच कडक नियम पाळावा. एखादा माणूस कोणत्या देशाचा, हे कागदपत्रे आणि न्यायप्रक्रिया ठरवते. त्याची बोली, लुंगी किंवा दाढी ठरवत नाही. पोलिसांनी संशय व्यक्त केला असेल तर 'संशय' एवढेच लिहावे. पश्चिम बंगालचा गवंडीही बंगालीच बोलतो. जात, धर्म किंवा राष्ट्रीयत्व यांचा गुन्ह्याशी संबंध नसेल, तर गुन्ह्याच्या बातमीत त्यांचा उल्लेखच नसावा.

ज्यांचे वर्णन परक्यांनी केले

हे नियम वर्गात पटवून द्यायला सगळ्यात उपयोगी पडतो तो वाशिमचाच इतिहास. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या राजवाड्यातल्या चालीरीतींवर एका ओळीत सरसकट शेरा मारलेला आहे. एवढ्या मोठ्या नगरीची एका प्रसिद्ध ग्रंथातली ओळख म्हणजे ती एक ओळ.

इंग्रजी अमलात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळात, १९१० साली, अकोला जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर निघाले. पीकपाणी, बाजार, तीर्थक्षेत्रे यांची त्यातली माहिती आजही कामाची आहे. पण त्या काळच्या गॅझेटियरांत आणि जातिजमातींच्या कोशांत अख्ख्या जातीचा स्वभाव दोन-चार विशेषणांत उरकण्याची रीत होती. ही विशेषणे पुस्तकात पडून राहिली नाहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या रूपांनी कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, गावबंदी, काटेरी कुंपणातल्या वसाहती त्यांच्या वाट्याला आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या 'विमुक्त' झाल्या, तरी पारधी वस्तीवरच्या मुलाला गावात चोरी झाली की पहिला प्रश्न आजही विचारला जातो.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरचा किंवा पारधी बेड्यावरचा विद्यार्थी संपादक मंडळात असेल, तर ही चर्चा त्याच्याकडे सोपवावी. परक्याने चार शब्दांत केलेले वर्णन किती पिढ्या पुरते, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नसते. नंतर त्याच मंडळाने आपल्या अंकातले 'नायजेरियन', 'चिनी', 'अरब' यांचे उल्लेख वाचून पाहावेत.

भीतीची बातमी

संकटाच्या काळात भित्तिपत्रकाची खरी कसोटी लागते. २०२० मध्ये दिल्लीत तबलिगी जमातच्या मरकजला येऊन गेलेल्या परदेशी नागरिकांमुळे करोना पसरला, असे चित्र देशभरातल्या माध्यमांतून उभे राहिले. अहमदनगर जिल्ह्यात त्यांच्यापैकी अनेकांवर गुन्हे दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. घाना, टांझानिया, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतली ती माणसे होती. माध्यमांतून या परदेशी लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला आणि संकटकाळात त्यांना बळीचा बकरा केले गेले, अशा आशयाची नोंद निकालपत्रात आहे. खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी निकालाशी सहमती दर्शवताना काही कारणमीमांसेपुरते वेगळे मत नोंदवले, हेही वाचकाला सांगायला हवे.

एप्रिलमधली बातमी मोठ्या अक्षरांत लावलेल्या भित्तिपत्रकावर ऑगस्टमधला निकाल लागला नाही, तर वाचकाच्या मनात एप्रिलच कायम राहतो. यावर उपाय साधा आहे. संपादक मंडळाने 'पुढे काय झाले' नावाची एक वही ठेवावी. आरोप, अटक, संशय असा शब्द असलेली प्रत्येक बातमी तारखेसह तिच्यात टिपावी आणि दर दोन महिन्यांनी त्या नोंदी पुन्हा उघडाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि विद्यार्थी पत्रकारितेत त्याच्याइतके मोलाचे दुसरे काम नाही.

अफवेची बातमी करण्याआधी धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या या गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांच्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. परके ठरायला दुसरा देश लागत नाही, अनोळखी वेश पुरतो. 'गावात संशयास्पद लोक फिरत आहेत' असा मजकूर आला, की कोणी पाहिले, कुठे, केव्हा आणि ठाण्यातून काय सांगितले, हे कळेपर्यंत तो फलकात जाऊ नये. मोबाइलवर आलेला फोटो हा पुरावा धरू नये.

प्रत्यक्ष भेट

साचा मोडायला भेटीसारखे साधन नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्याला काही अटी घातल्या: दोन्ही बाजू बरोबरीच्या नात्याने, एखाद्या समान कामासाठी भेटल्या तर पूर्वग्रह ओसरतो. नुसती नजरभेट पुरत नाही. महाविद्यालयात परदेशी पाहुणा येतो, त्याला फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात, सगळे त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि बातमी येते: 'भारतीय संस्कृती पाहून पाहुणे भारावले'. पाहुणा कोणत्या गावचा, काय काम करतो, आपल्याकडचे काय त्याला खटकले, त्याच्या गावातल्या मुलांना कशाची चिंता वाटते, यातले एक अक्षरही बातमीत नसते. अशा बातमीत पाहुणा केवळ आरसा असतो. त्यात आपण आपलेच रूप पाहून घेतो. पुढच्या वेळी दोन विद्यार्थ्यांनी फेट्याआधी अर्धा तास मागून घ्यावा आणि त्याच्या कामाबद्दल विचारावे.

परदेशी माणसासाठी विमानतळापर्यंत जावे लागत नाही. हिवाळ्यात विदर्भातल्या गावोगावी स्वेटर विकायला तिबेटी लोक दुकाने मांडतात. गिऱ्हाईक त्यांना 'नेपाळी' म्हणते, भाव पाडून मागते आणि निघून जाते. त्यांच्यापैकी काहींचे घर विदर्भातच आहे: गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकात वसली. तिथे जन्मलेली पिढी मराठी-हिंदी बोलते आणि कायद्याच्या भाषेत मात्र पुष्कळदा परदेशी असते. एवढा गुंतागुंतीचा, एवढा जवळचा विषय दुसरा मिळणे कठीण.

मुलाखतीला गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुपारी गिऱ्हाईक कमी असते. आधी आपण कोण, कशासाठी लिहितो आणि ते कुठे लावले जाणार, हे सांगावे. नाव छापायचे का, फोटो चालेल का, हे त्यांनाच विचारावे. निर्वासिताच्या बाबतीत नकार आला तर दुसऱ्यांदा विचारू नये. कागदपत्रे पाहायला मागू नयेत, ते पोलिसांचे काम आहे. 'तुम्हाला भारत कसा वाटतो?' या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात. त्यापेक्षा माल कुठून भरता, हंगाम संपल्यावर काय करता, मुले कोणत्या भाषेत शिकतात, असे विचारावे. लिहून झाल्यावर मजकूर त्यांना वाचून दाखवावा. आखातात काम करून परतलेला शेजारी किंवा जर्मनीत शिकणारी गावातलीच मुलगी यांच्याशीही बोलावे. कारण तिकडे ते परदेशी असतात, आणि परदेशी म्हणून वागवले जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून मराठीत ऐकायला मिळते.

चित्रांबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. आफ्रिका म्हणजे हाडे निघालेले मूल, अरब म्हणजे उंट, चीन म्हणजे साप खाणारा माणूस, ही चित्रे नेटवर सर्वांत आधी सापडतात, म्हणून ती घेतली जातात. पहिली दहा चित्रे सोडून पुढे जावे. व्यंगचित्रात नाक, ओठ, डोळे यांवर विनोद नसावा. सत्तेवर, धोरणावर, कृतीवर हवा तेवढा असावा.

जुन्या अंकांची तपासणी

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतर, संपादक मंडळाने मागच्या वर्षभरातले सगळे अंक जमिनीवर पसरून बसावे. परदेशी माणसाचा जिथे जिथे उल्लेख आहे, तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि एका तक्त्यात मांडावे: त्याला नाव आहे का? तो स्वतः काही बोलतो का, की त्याच्याबद्दल फक्त बोलले जाते? तो कोणत्या कारणाने आला आहे, युद्ध, गुन्हा, रोग, यश, खेळ की रोजचे जगणे? माहिती कुठून घेतली ते लिहिले आहे का? बायका किती, शेतकरी-कामगार किती, शेजारच्या देशांतले किती? दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत काय भरते, त्यावर पुढच्या वर्षाचे विषय ठरवावेत. 'रोजचे जगणे' हा रकाना रिकामा निघाला, तर नेपाळमधली भातलावणी, श्रीलंकेतल्या चहामळ्यातली तमिळ मजूर बाई, बांगलादेशातल्या शिलाई कारखान्यातला पाळीचा दिवस, असे विषय वाटून द्यावेत.

परभाषेतून घेतलेला आणि यंत्राने अनुवादित केलेला मजकूर दोघांनी वाचल्याशिवाय लावू नये. यंत्र नावे चुकवते, आणि परदेशी माणसाचे नाव चुकीचे लिहिणे हा त्याच्याबद्दलच्या बेफिकिरीचा पहिला पुरावा असतो. नावाचा उच्चार ऐकूनच ते देवनागरीत उतरवावे.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच फलकात, त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत लावावी आणि मूळ मजकूर जितके दिवस होता तितके दिवस ती ठेवावी. भित्तिपत्रक काढून टाकताना कार्डशीट रद्दीत जाऊ नये. पाठीमागे तारीख, लिहिणाऱ्यांची नावे, कात्रणे कोणत्या वृत्तपत्राच्या कोणत्या अंकातली आणि लागलेल्या दुरुस्त्या, एवढे पेनाने नोंदवून ती ग्रंथालयात सपाट ठेवावी. गुंडाळी केली की दोन पावसाळ्यांत कडा तुटतात आणि पुढच्या मंडळाच्या हाती तपासायला काहीच उरत नाही.